तांबं न घासण्याची नोकरी

या, अशा जवळ सरका. दाराशी, चपला घालायच्या बेतात कशाला बसलात? आणि हो, मी जराशी रागावलेय तुमच्यावर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्यातल्याच एकीनं मला सगळ्यांदेखत विचारलं, "काकू, तुम्ही म्हणे भंगारच्या दुकानात कामाला होता?" भंगार! अगं, नाण्यांचं दुकान होतं ते. तेव्हा मी हसून तिळगूळ दिला, पण लागलं ते लागलंच. म्हणून यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाला चकलीची कृती न देता हे देतेय. तुम्हा मुलींना मराठी वाचताना अडखळायला होतं, ठाऊक आहे मला. सावकाश वाचा. मी बोलते तशीच लिहितेय, मला दुसरं येत नाही.

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर तांबं न घासणं. हसू नका. आपल्याकडे मुलगी जरा उंच झाली की तिच्या हातात चिंचेचा कोळ देतात आणि समोर तांब्याचं घंगाळ ठेवतात. मीही तशीच वाढले. बोटं सुरकुतेपर्यंत घासायचं, आणि आईनं त्यात तोंड बघून म्हणायचं, "अजून डाग आहे." अशा बाईला पुढे नोकरी मिळाली ती जुन्या तांब्यावरचा डाग जपायची! सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींना सांगायच्या, "आमची कुमुद कामाला जाते. काय करते विचाराल तर तांबं समोर ठेवते आणि त्याच्याकडे बघत बसते."

दुकान वेंकटरत्नम गारूंचं. चिक्कडपल्लीच्या बाजारात, खाली शिंपी आणि वर हे. मी त्यांना नुसतं गारूच म्हणायची, आपण 'राव' म्हणतो तसं. त्यांच्या खिडकीसमोर आमची गॅलरी होती. मी तिथे तांदूळ निवडत बसायची ते त्यांनी पुष्कळ दिवस पाहिलं, आणि एकदा आमच्या ह्यांना जिन्यात गाठून म्हणाले, "साब, अम्मा का हाथ सबरवाला है. मेरे पास बी कंकर चुनने का काम है." ह्यांना वाटलं, गारूंनी किराण्याचं दुकान काढलं. घरी येऊन म्हणाले, "जा, निदान तांदूळ तरी चांगला मिळेल."

निजामाची नाणी घ्यायला येणारे हैदराबादेत पुष्कळ. पोट त्यांच्यावर चालायचं. पण गारूंचा जीव अडकला होता भलतीकडेच. परदेशातून न धुतलेल्या नाण्यांची पुडकी मागवायचे, मातीसकट. टेबलावर ओतलं की खोबऱ्याच्या करपलेल्या तुकड्यांसारखा ढीग. त्यातून निघायचं बायझंटाइन तांबं. नावाला घाबरू नका, मी सुरुवातीला बरेच दिवस 'बायजाबाईचं तांबं' म्हणायची आणि कोणाचं काही अडलं नाही.

आजचं इस्तंबूल आहे ना, त्याचं जुनं नाव कॉन्स्टँटिनोपल. रोमन लोकांचं पूर्वेकडचं राज्य तिथे हजारभर वर्षं टिकलं. पण शेवटची दोनेकशे वर्षं म्हणजे नुसती उतरती कळा. मुलूख गेला, सोनं आटलं आणि मग सोन्याची नाणी पाडणंच बंद झालं, चांदी बारीक झाली. बाजारहाटाला उरलं तांबं. तेही कसंबसं पाडलेलं, कडा फाटलेल्या, ठसा सरकलेला, अक्षरं अर्धी बाहेर सांडलेली. राजा मात्र प्रत्येक नाण्यावर थाटात उभा, मुकुट घालून, हातात क्रूस धरून. पगार थकलाय पण कडक इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला निघालेला माणूस असतो ना, अगदी तसा. म्हणूनच मला त्यांची माया लागली. भरभराटीतल्या राजांचं कौतुक करायला जग आहे.

आणि यातली कितीतरी नाणी सपाट नसायची. खोलगट, वाटीसारखी. का म्हणाल तर विद्वानांचंच एकमत नाही. कोणी म्हणतं एकात एक रचायला सोपी, कोणी म्हणतं पातळ पत्र्याला बाक दिला की तो लवकर वाकत नाही. गारूंचं मत वेगळं: "अम्मा, वो लोगां उसमें चटणी खाते होंगे."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढे लागणार आहे. सपाट नाण्यावर ठसा ठेवून एक घाव घातला की काम झालं. वाटीवर तसं होत नाही. ठसा आधी डावीकडे कलवून एक घाव, मग उजवीकडे कलवून दुसरा. कारागीर मनापासून काम करणारा असेल तर दोन्ही अर्धे जुळतात. पण पडत्या राज्याचा कारागीर तो, त्याचं लक्ष कुठे असणार? मग राजाला अडीच डोळे येतात. दोन नाकं येतात. एकदा तर एका राजाला दोन मुकुट आले होते, तेव्हा गारू म्हणाले, "इसकी दो बीवियां होंगी, दोनों ने पहनाया."

गिऱ्हाइकंही तशीच. सिकंदराबादचे एक रेल्वेतले गृहस्थ, फार टापटिपीचे, मोठ्या हौसेनं एक वाटी घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात तिचे तुकडे घेऊन आले. "कच्चा माल आहे तुमचा." काय झालं विचारलं, तर अल्बमच्या खिशात बसेना म्हणून त्यांनी ती पाट्यावर ठेवून वरवंट्यानं सपाट करायला घेतली होती. गारू हात जोडून म्हणाले, "साब, इत्ते सौ साल चला, आपके पास एक इतवार नै चला?" आणि एक होती आयटीतली मुलगी, पुण्याहून आलेली. तिनं सारख्या मापाच्या दोन वाट्या शोधून नेल्या आणि कानात घातल्या. दोन्ही कानांशी एकेक बादशहा, आणि ही फोनवर कोणाला तरी डेडलाइन विचारतेय. छान दिसायची, खोटं कशाला बोलू.

साफ करणं म्हणजे काय, तेही सांगते. चिंच नको, लिंबू नको, राख नको, मीठ तर अजिबात नको. डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवायचं, बॅटरीत घालतात ते पाणी. आमच्या गल्लीतला बॅटरीवाला मला दर वेळी विचारायचा, "अम्मा, गाडी कौनसी है?" मी सांगायची, "बहुत पुरानी." पाणी बदलत राहायचं. माती सुटायला लागली की भिंगाखाली धरून बाभळीच्या काट्यानं एकेक कण उचलायचा. काटा तांब्यापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा उठत नाही. हिरवा-तपकिरी जो थर असतो तो नाण्याची कातडी. तो गेला की नाणं गेलं. पुस्तक होतं गारूंकडे एक जाडजूड, इंग्रजी. मजकूर मला कळायचा नाही, चित्रं कळायची. ग्रीक अक्षरं मी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी लक्षात ठेवली.

भीती एकाच गोष्टीची. तांब्यात क्षार मुरला असेल तर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी वर यायला लागते, मुगाएवढ्या जागेत पावडर सांडल्यासारखी. ओल मिळाली की ती वाढते, आणि नाणं आतून पोखरत जातं. वाळवीच म्हणा ना तांब्याची.

तर आता सुनंदा.

सुनंदा आमच्या ओळखीची, विद्यानगरात राहणारी. घर मूळचं बिदरकडचं, शेतीवाडीचं, आता सगळी नोकरीत. एका दुपारी ती दुकानात आली ती स्टीलचा डबा पोटाशी धरून. डब्यात तांदूळ, तांदळात रुमाल, रुमालात छोट्या वाटीसारखं काही. म्हणाली, "काकू, आधी दार लावा."

रुमाल उघडला. मी बघतच राहिले. पुडक्यांतून आयुष्यभर जे उपसलं तेच, बायझंटाइन वाटी. पण हळदीकुंकवानं माखलेली. आणि कडेला, तीच ती फिकी हिरवी भुकटी.

"आमच्या देवीचा टाक आहे," सुनंदा म्हणाली.

टाक तुम्हाला माहीत असायला हवा, तरी सांगते. कुलदेवतेची मूर्ती उठवलेला धातूचा छोटा पत्रा, देव्हाऱ्यात असतो. बहुधा चांदीचा. यांच्याकडे खंडोबा वगैरे सगळे चांदीचे, देवी तेवढी तांब्याची आणि खोलगट. खोलगट असल्यानं अभिषेकाला सोयीची, दूध सांडत नाही. आत उभी आकृती, आणि तिला चार हात. स्पष्ट चार. मी भिंग लावलं. दोन घाव न जुळलेला राजा होता तो. डावीकडच्या घावाचे दोन हात आणि उजवीकडच्याचे दोन.

मी काही बोलायच्या आत सुनंदाला रडू फुटलं. मुलाचं लग्न ठरलेलं. लग्नानंतर घरात गोंधळ घालायचा, चौरंगावर हा टाक बसवायचा. सगळी भावकी बिदरहून येणार. तर देवी जरा लखलखीत दिसावी म्हणून या बाईनं सासूला नकळत तिला लिंबू-मिठात भिजत घातली. आपण कोणीही तेच केलं असतं. सकाळी काढली तर कडेचा टवका बोटाला चिकटून आला.

"काकू, खंडित झालेला देव पूजेला चालत नाही. विसर्जन करावं लागतं. आणि लग्नाच्या तोंडावर! आत्याबाईंना कळलं की सुनेनं देवी मोडली, तर त्या मला घराबाहेर काढणार नाहीत, पण माझ्या हातचं पाणी घेणार नाहीत. आणि उद्या नव्या सुनेला काही झालं, कुठे ठेच लागली तरी सगळे माझ्याकडे बघतील."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. ऐंशी केव्हाच ओलांडली, डोळ्यांत मोतीबिंदू, पण देवपूजा दुसऱ्या कोणाला करू द्यायच्या नाहीत.

मी टवका पाहिला. अगदी बारीक होता. खरा आजार भुकटीचा. "वाचेल," मी म्हटलं, "पण महिने लागतील. पाण्यात ठेवावी लागेल, आणि घरी अभिषेक सुरू राहिला तर नाही वाचणार."

"महिने? आत्याबाई उद्या सकाळी सातला देव्हाऱ्यासमोर बसतील!"

 गारू उठले, ट्रे काढला आणि त्यातून साधारण त्याच मापाची दुसरी वाटी उचलली. "अम्मा, इसकू रख देव तब तक. नजर कमजोर है ना उनकी?"

मी म्हटलं, "गारू, तो देवदूत आहे. पंख आहेत त्याला."

"पंख किसकू दिखते? ऊपर कुंकुम डाल देव."

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं. आणि देवदूत हळदीकुंकू लावून विद्यानगरला गेला.

टिकला तो आठवडाभरही नाही. एका मंगळवारी जिन्यात काठीचा आवाज आला, मग खालच्या शिंप्याचा, "अम्मा, आयस्ता, आयस्ता!" आणि दारात आक्का. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, धाप लागलेली. मागे सुनंदा, तोंड पांढरंफटक. गारूंनी खुर्ची दिली. आक्का बसल्या नाहीत. कनवटीची गाठ सोडली आणि देवदूत काउंटरवर ठेवला.

"हे तुमचं पाहुणं. चार दिवस जेवू घातलंय, उपाशी नाही ठेवलं. आता आमची द्या."

"आक्का, तुम्हाला कसं..."

"कसं म्हणजे? अगं माय, डोळे गेलेत, अंगठा गेलाय का माझा? लग्न होऊन आले तेव्हापासून रोज पुसतेय मी तिला. तिच्या एकेका हाताची जागा ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी अंगठा फिरवला तर हात गायब, अन् पाठीला पंख! म्हटलं, देवी उडून जायच्या बेतात हाय का काय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"म्हटलं, सून कधी सांगतेय बघू. ही काही तोंड उघडेना. देव्हाऱ्यात लिंबाचा वास, आणि हिचं तोंड त्या लिंबापरीस आंबट."

सुनंदा तिथेच खाली बसली. "आत्याबाई, मीच मोडली. मीच लिंबात घातली."

"ते समजलं. कुठाय ती?"

आता आली पंचाईत. देवी होती मागच्या फळीवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, बॅटरीच्या पाण्यात बुडवलेली. डबा आणून पुढे ठेवला. आक्का वाकल्या, अगदी नाक लागेपर्यंत.

"डब्यात! वरती आंब्याचं चित्र असलेल्या डब्यात!"

"औषधाचं पाणी आहे, आक्का. आजारी आहे ती."

त्या जरा नरमल्या. खुर्चीत बसल्या. गारूंनी चहा मागवला. मग आक्कांनी माझा हात धरला. हात गरम होता. "कुमुद, तू हिच्याकडे त्या काचेतून बघतेस. मला आता दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर दिसत होतं तेव्हाही हळदीकुंकवाखाली कधी नीट दिसलं नाही. तू सांग, आमची देवी दिसते कशी?"

गारूंनी माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले, म्हणजे बोलू नको. सुनंदानं पदर तोंडात धरला. पण ज्या बाईनं हात धरून विचारलंय तिला काय खोटं सांगणार?

मी म्हटलं, "आक्का, ही आली कुठून तुमच्याकडे?"

"आमच्या सासऱ्यांचे वडील पलटणीत होते. खेचरं सांभाळायला. पहिल्या मोठ्या लढाईत साहेबाबरोबर बोटीनं गेले, लई लांब. तिथं खंदक खणताना मातीतून वर आली. चार हात बघितले आणि ओळखलं त्यांनी. कमरेला बांधली. सोबतचे पुष्कळ गेले, हे परत आले. म्हणून ती देव्हाऱ्यात."

म्हणजे बोटीनं आली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला धीर आला. मी सांगितलं. त्या लांबच्या मुलखातलं राज्य सांगितलं, वाटीवरचे दोन घाव सांगितले, चार हात कसे झाले ते सांगितलं.

आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हा राजा?"

"हो."

"बाप्या?"

"हो, आक्का."

"दाढी?"

"आहे."

 खाली शिंप्याचं मशीन तेवढं चालू. मग आक्का म्हणाल्या, "अन् मी त्याची ओटी भरत आले? दर नवरात्रात खण वाहिला त्या दाढीला? बांगड्या ठेवल्या?"

गारूंनी हातातला कप घाईनं खाली ठेवला. ते तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. सुनंदाच्या पदरातून कसलासा आवाज आला, रडण्याचा की हसण्याचा कळेना. आणि आक्का स्वतःच हसायला लागल्या. पोट धरून. "एवढा मोठा राजा अन् हिरव्या बांगड्या! बोलला नाही हो बिचारा कधी!"

आम्ही सगळेच हसलो मग. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पण आक्कांचं हसणं आधी थांबलं. हात अजून माझ्या हातात होता, तो घट्ट झाला. आवाज खाली आला.

"कुमुद, माझी दोन लेकरं गेली. एक पोटातच. मालक गेले. सगळं हिलाच सांगितलंय मी. दुसऱ्या कोणाला नाही सांगितलं. मग इतकी वर्षं माझं ऐकलं कोणी गं?"

 मी नुसती डब्याकडे बघत बसले. माझं काम बघत बसण्याचंच. आणि तेव्हा लक्षात आलं, की सुनंदाच्या रडण्याच्या आणि या देवदूताच्या गडबडीत मी आतली बाजूच पाहत होते. वाटीची बाहेरची बाजू, जी देव्हाऱ्यात कायम कापडावर टेकलेली, तिच्यावर तेलाचा, काजळीचा, गंधाचा जाड थर होता. तो पाण्यानं आता फुगून सुटत आला होता. मी वाटी उचलली, पालथी केली, भिंग ओढलं आणि काटा घेतला. आक्कांना म्हटलं, "थांबा जरा."

थर पापुद्र्यासारखा निघाला. त्याच्याखाली नाणं जसंच्या तसं. इतकी वर्षं त्या तेलानंच त्याला राखलं होतं. आधी कडेची अक्षरं दिसली, दोन इकडे, दोन तिकडे. ती चार अक्षरं मला झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन. त्यांचा अर्थ, देवाची आई.

मग ती दिसली. डोक्यावरून पदर. दोन्ही हात वर उचललेले, तळवे आपल्याकडे केलेले.

"आक्का, अंगठा द्या."

ओल्या नाण्यावर मी त्यांचा अंगठा ठेवला आणि हळूहळू फिरवला. "हा पदर. हा एक हात, वर केलाय. हा दुसरा. बाई आहे. त्या लोकांच्या देवाची आई. ते तिला गाऱ्हाणं सांगायचे."

आक्कांचा अंगठा तिथेच थांबला. परत पदरावरून गेला, परत हातावर आला. ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. मग मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणजे ही खाली होती. तोंड पालथं करून."

"हो."

"वरच्यानं नुसतं खाऊन घेतलं गं. ऐकलं हिनं."

गारू कॅलेंडरच वाचत राहिले. त्या कॅलेंडरवर तेव्हा वाचण्यासारखं काही नव्हतं, मागच्या वर्षीचं होतं ते.

त्यानंतर मात्र आमची जुंपली. मी म्हटलं, अभिषेक बंद. पाणी नाही, दूध नाही, मध नाही, हळद नाही. आक्का उसळल्या. "मग काय पारोशी ठेवू माझ्या देवीला?" मी म्हटलं, मेणाचा हात देणार आहे, पाणी बाधू नये म्हणून. त्या म्हणाल्या, मेण म्हणजे काय देवीला रेनकोट घालायचा? मी म्हटलं, हवं तर तसं समजा. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. चौरंगावर सुपारी मांडायची, देवी म्हणून तिलाच न्हाऊ-माखू घालायचं, आणि खरीनं कोरड्या अंगानं शेजारी बसून बघायचं. "माझ्या सासूबाईही म्हातारपणी तशाच बसायच्या," त्या म्हणाल्या.

"पण महिने लागणार म्हणता. तोवर गोंधळ येतोय. भावकीला काय सांगायचं?" सुनंदानं विचारलं. तिचा प्रश्न अजून सुटलेला नव्हताच.

आक्कांनी काठी उचलली. "ते मी बघते. तू नुसती माझ्या शेजारी उभी राहा."

गोंधळाला मीही गेले होते. घर माणसांनी भरलेलं. संबळ सुरू व्हायच्या आधी बिदरच्या एका दिरानं चौरंगाकडे बघून विचारलंच, "वहिनी, सुपारी कामून? टाक कुठाय?"  सुनंदा हातातलं ताट घेऊन आक्कांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "देवी माहेरी गेलीय. तब्येत बरी नव्हती तिची. आम्हाला कोणालाच दिसलं नाही, माझ्या सुनेला दिसलं. तिनंच पोचवली. सासरच्या माणसात एवढी नजर असावी लागते, भाऊजी. तुमच्या घरी आहे का कोणाला?"

भाऊजींनी पान तोंडात टाकलं. संबळ सुरू झाला. सुनंदानं ताट खाली ठेवलं आणि सासूच्या मागे जाऊन बसली, अगदी पाठीला टेकून. आक्कांनी मागे न बघता तिच्या मांडीवर हात ठेवला. बास. त्यावर पुढे त्या घरात कोणी काही बोललं नाही.

आता गारूंनी दुकान बंद केलंय. गुडघे गेले त्यांचे, माझेही डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. खंत एवढीच, की ज्या गावचं तांबं आयुष्यभर चिमटीत धरलं ते गाव मी कधी पाहिलं नाही, आणि आता पाहायची नाही. पण श्रीखंडाचा डबा माझ्याकडे आहे, गॅलरीतल्या कपाटावर. भुकटी दोनदा थांबली, दोनदा परत आली. आक्का दर मंगळवारी रिक्षानं येतात, तिला बघायला. येताना नैवेद्य आणतात, डब्याला दाखवतात आणि मग मला रागे भरतात, "अजून बरी कशी होत नाही? कसलं माहेर हे?" मग तिच्याशी हळू आवाजात बोलतात आणि मी स्वयंपाकघरात निघून जाते.

यंदा मात्र पावसाळाभर भुकटी आली नाही. मी कोरडी करून ठेवलीय, मेणाचा हातही झालाय. दिवाळी झाली की ती सासरी जाणार. आक्कांनी मला बजावलंय, माहेरवाशीण अशी रुमालात गुंडाळून पाठवायची नाही, रीतसर ओटी भरून पाठवायची. आता माहेरची माणसं म्हणजे कोण, तर मी आणि गारू. गारू म्हणाले, "मैं मिठाई लेके आता, पर अम्मा, लडकियां तो होना ना." खरंच आहे. पाठवणीला घर मुलींनी भरलेलं हवं.

तेव्हा या गं. भाऊबीज उरकली की लगेच या, मंगळवार बघून या, म्हणजे आक्काही भेटतील. हात कोरडे ठेवा, मी तिला तुमच्या तळहातावर देईन. आणि उशीर करू नका, सासरच्यांना घाई झालीय.